न संपणारी धिंड : आंतरजालावरील छळ आणि शाळकरी मुले

(इंदूर येथील एका मराठी वाचनालयात पालक व शिक्षक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती वगळून ते येथे दिले आहे.)



मी मानसशास्त्रज्ञ नाही आणि शिक्षिकाही नाही. माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. शाळकरी मुले एकमेकांचा जो छळ करतात त्याविषयीचे एक पुस्तक मराठीत आणण्याचे काम काही काळापूर्वी माझ्याकडे आले आणि पहिल्याच पानावर मी अडले. इंग्रजीतील ‘बुलिंग’ या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द योजावा? खोडी काढणे, चिडविणे, टर उडविणे, टवाळी, दादागिरी, छळ असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेक इतके हलके की ऐकणाराला हसू यावे. आणि ‘छळ’ हा इतका जड की तो उच्चारताच सासुरवास किंवा तुरुंग डोळ्यांपुढे उभा राहावा. या दोहोंच्या मधल्या जागेसाठी शब्द नाही. त्यामुळे त्या जागी सापडलेल्या मुलाला आपली तक्रार मांडताना ‘ते मला चिडवतात’ एवढेच म्हणता येते, आणि त्यावर आपल्या मोठ्या माणसांचे उत्तर ठरलेले असते : ‘मग तू चिडू नकोस.’

ही अडचण केवळ आपलीच आहे असे मात्र नाही. एका मुलामागे सारा वर्ग लागतो या प्रकाराकडे १९६९ साली पेटर-पाउल हाइनेमान या डॉक्टरांनी स्वीडनमध्ये लोकांचे लक्ष वेधले, तेव्हा स्वीडिश भाषेतही त्याला रूढ नाव नव्हते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लॉरेन्झ यांच्या ग्रंथाच्या स्वीडिश भाषांतरातून त्यांनी ‘मॉबनिंग’ हा शब्द उचलला. पक्ष्यांचा थवा एकवटून एखाद्या वैऱ्यावर तुटून पडतो, त्या वर्तनासाठी तो योजलेला होता. दिवसाउजेडी बाहेर सापडलेल्या घुबडाभोवती कावळे कसा कालवा करतात हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, तेच हे. भाषांतरात योजलेला एक शब्द अशा रीतीने स्कँडिनेव्हियातील घराघरांत जाऊन बसला, याचे आमच्या व्यवसायातील माणसाला थोडे समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे.

पुढे डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांना हा शब्द पुरेसा पटला नाही. ‘झुंड’ म्हटले की कोणा एकाची जबाबदारी उरत नाही, आणि प्रत्यक्षात छळ पुष्कळदा एक-दोघेच चालवीत असतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्याच्या वार्ता आल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागील संभाव्य कारण मानले गेले. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या शिक्षण मंत्रालयाने देशभर मोहीम हाती घेतली आणि ओल्वेयस यांचे काम तिचा मोठा आधार झाले. छळ ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या आहेत. त्यामागे दुखावण्याचा हेतू असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. बरोबरीच्या दोघांचे भांडण म्हणजे छळ नव्हे.

ही व्याख्या शाळेच्या मैदानासाठी केलेली होती. मुलांच्या हाती मोबाइल आला आणि तिच्या तीनही खुणा हलल्या. पूर्वी ‘पुन्हापुन्हा’ याचा अर्थ असा, की तोच मुलगा रोज मधल्या सुटीत आडवा येतो. आता एका मुलाने एकदाच एक छायाचित्र पाठविले तर ते चारशे जण पाहतात आणि त्यांतील चाळीस जण पुढे धाडतात. कृत्य एकदाच घडले, आघात मात्र चारशे वेळा झाला. बळाचा अर्थही बदलला. दंडात ताकद नसलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा येथे बलवान होऊ शकतो, कारण त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. आणि हेतू? ज्याचा छळ होतो त्याचा चेहराच समोर नसल्यामुळे, करणाऱ्या मुलालाही आपण नेमके काय केले हे कळत नाही. मैदानावर ढकललेला मुलगा रडू लागला की ढकलणाऱ्यांपैकी एखाद्याचा हात तरी थबकतो. पडद्यावर रडणे दिसत नाही.

हे सारे एका शब्दात सांगणारी कल्पना मी शोधीत होते आणि ती आपल्या भाषेतच होती : धिंड. गाढवावर बसवून, तोंडाला काळे फासून माणसाला गावभर फिरविण्याची शिक्षा आपल्या गावगाड्याला ठाऊक होती. धिंडीत मारहाण हे मुख्य अंग नव्हे. मुख्य अंग म्हणजे पाहणारे लोक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणी उभेच राहिले नाही तर धिंड निघत नाही. तरीही त्या जुन्या क्रूर शिक्षेला वेस होती आणि संध्याकाळ होती. गाव संपले की धिंड संपे. कलंकित माणूस दुसऱ्या गावी जाऊन राहू शके. आज मुलाची जी धिंड निघते तिला वेस नाही. शाळा बदलली तरी छायाचित्र त्याच्याआधी नव्या शाळेत पोहोचलेले असते.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला. त्या राज्यात या परीक्षेला ‘हाईस्कूल’ असेच म्हणतात. सीतापूर जिल्ह्यातील एक मुलगी ६०० पैकी ५९१ गुण मिळवून राज्यात पहिली आली. वृत्तपत्रांनी तिचे छायाचित्र छापले, आणि काही तासांत देशभरातील अनोळखी माणसे तिच्या चेहऱ्यावरील केसांवरून तिची टवाळी करू लागली. एखाद-दोन गुण कमी पडले असते तर बरे झाले असते, म्हणजे आपण लोकांच्या नजरेत आलोच नसतो, अशा आशयाचे उद्गार तिने नंतर काढले. या उद्गारांचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आपल्या यशाकडे अपघात म्हणून पाहू लागते, हा या छळाचा परिणाम होय, आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

त्या मुलीच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते आणि तिने स्वतः मोठ्या धीराने उत्तर दिले. परंतु बाजू घेणाऱ्यांनीही तेच छायाचित्र पुन्हा दाखविले. दाढीचे सामान विकणाऱ्या एका कंपनीने तर तिला पाठिंबा देण्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. सहानुभूतीनेही धिंड पुढे सरकू शकते, हे मला त्या प्रसंगी प्रथम जाणवले. म्हणूनच आज मी तिचे नाव घेतलेले नाही.

दुसरी घटना येथून तासा-दीड तासाच्या अंतरावरील आहे. आपल्यापैकी काहींना ती आठवत असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनमधील दहावीत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाने दिवाळीनिमित्त साडी नेसून केलेली एक लहानशी चित्रफीत इन्स्टाग्रामवर ठेवली. रंगभूषेची कला तो स्वतःच शिकला होता. त्या चित्रफितीखाली हजारो प्रतिक्रिया जमल्या, आणि त्यांतील पुष्कळ द्वेषाने भरलेल्या होत्या. त्याच महिन्यात त्याने आपले जीवन संपविले. त्याच्या मनात काय चालले होते हे आपण सांगू शकत नाही. कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण शोधणे हे शास्त्राला धरून नाही, आणि तसे सांगणे इतर दुःखी मुलांच्या दृष्टीने धोक्याचेही आहे. परंतु त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक त्याला ओळखत नव्हते आणि त्यांतील प्रत्येकाने फक्त एकच ओळ लिहिली होती, हे विसरता येत नाही. प्रत्येकाचा दगड लहानच होता.

अशा घटना वृत्तपत्रांपर्यंत पोहोचतात. ज्या पोहोचत नाहीत त्यांचा अंदाज केवळ पाहणीतून येतो. युनिसेफने २०१९ मध्ये भारतासह ३० देशांतील १३ ते २४ वयाच्या सुमारे १ लाख ७० हजार तरुणांना प्रश्न विचारले, तेव्हा तिघांपैकी एकाने आपला आंतरजालावर छळ झाल्याचे सांगितले आणि पाचांपैकी एकाने त्यापायी शाळा बुडविल्याचे सांगितले. उत्तरे स्वेच्छेने दिलेली असल्याने हे आकडे काटेकोर मानू नयेत. अधिक पद्धतशीर अशी पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. युरोप, मध्य आशिया व कॅनडा येथील ४४ देश-प्रदेशांतील ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे सहांतील एकाला असा अनुभव आला होता, आणि २०१८ च्या तुलनेत हे प्रमाण वाढले होते.

परिणाम कोणते? शिक्षकांच्या लक्षात येतील असे काही सांगते. झोप सर्वांत आधी जाते, कारण मूल रात्री उठून ‘आता काय लिहिले असेल’ हे पाहते. मग पहिल्या तासाला पेंग येते आणि शिक्षक त्याला आळशी समजतात. पोटदुखी आणि डोकेदुखी वाढते, विशेषतः सुटीनंतरच्या दिवशी. गुण घसरतात. परंतु त्याही आधी मूल ज्या ज्या ठिकाणी लोकांच्या नजरेसमोर येते त्या जागा सोडू लागते : स्नेहसंमेलनातील नाटक, वक्तृत्वस्पर्धा, खेळाचा संघ, वर्गात हात वर करणे. उदासीनता, चिंता आणि स्वतःला इजा करून घेण्याचे विचार यांच्याशी या छळाचा संबंध अनेक देशांतील संशोधनात आढळला आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. छळामुळे मूल खिन्न होते हे खरे. आणि आधीच खिन्न, एकाकी असलेले मूल छळासाठी हेरले जाते हेही खरे.

खुद्द ओल्वेयस यांनी २०१२ मध्ये असा आक्षेप घेतला होता, की या नव्या प्रकाराचा गाजावाजा वाजवीपेक्षा अधिक होत आहे. आंतरजालावर ज्यांचा छळ होतो त्यांतील दहापैकी सुमारे नऊ मुलांचा छळ शाळेतही होतच असतो. काहींना हा आक्षेप जुन्या पिढीचा वाटला. मला तो फार उपयुक्त वाटतो. कारण त्याचा अर्थ असा, की फोनवर छळ करणारे बहुधा परके नसून त्याच वर्गात दोन बाक सोडून बसलेले असतात. म्हणजेच शिक्षकाला ‘हे शाळेबाहेर घडले, आमचा संबंध नाही’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. मात्र एक गोष्ट त्या आकडेवारीतून निसटते. पूर्वी शाळेत मार खाल्लेला मुलगा घरी येऊन दार लावून घेत असे, आणि सकाळपर्यंत तरी तो सुटलेला असे. आता ते दारच उरलेले नाही.

येथपर्यंत मी दुसऱ्यांच्या मुलांविषयी बोलले. आता घरचे सांगते.

माझी भाची दुसऱ्या एका शहरात नववीत शिकत होती. शाळेच्या बसमध्ये ती तोंड उघडे टाकून झोपली असताना कोणीतरी तिचे छायाचित्र काढले आणि त्याचे व्हॉट्सॲपवर पाठवता येणारे एक चिकटचित्र, मुलांच्या भाषेत ‘स्टिकर’, बनविले. वर्गाच्या अभ्यासगटात तिने काहीही विचारले की उत्तरादाखल ते चित्र येई. गणिताचे कोणते उदाहरण दिले आहे? चित्र. उद्या प्रयोगवही आणायची का? पुन्हा तेच चित्र. तिने विचारणे सोडून दिले. काही दिवसांनी मुलींनी दुसरा गट काढला, त्यात ती नव्हती. सोमवारी वर्गात सर्वजणी एखाद्या विनोदावर हसत, तो विनोद रविवारी झालेला असे. तिला कोणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. आपल्या भाषेत याला वाळीत टाकणे म्हणतात. प्रौढांच्या बाबतीत हे कृत्य इतके गंभीर मानले गेले, की महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मात्र आपण त्याला ‘मैत्रिणींची कुरबुर’ म्हणतो.

वाळीत टाकल्याने होणारी वेदना ही केवळ बोलण्याची रीत नव्हे. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असता, जवळ चकती फेकण्याचा खेळ खेळणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी त्यांच्याकडे चकती फेकली. थोडा वेळ त्यांना खेळात घेतले आणि मग एकाएकी घेणे थांबविले. एवढ्याशा गोष्टीचे आपल्याला इतके वाईट का वाटावे, या आश्चर्यातून त्यांनी संगणकावरील चेंडूफेकीचा एक साधा प्रयोग रचला. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांचे सहकारी यांनी, विल्यम्स यांच्यासह, त्या प्रयोगात वगळल्या गेलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. शारीरिक वेदनेच्या त्रासाशी ज्या भागाचा संबंध जोडला जातो, तो भाग त्या वेळीही अधिक क्रियाशील झालेला दिसला. या निष्कर्षावर पुढे वाद झाले आहेत. पण ज्या खेळात हरण्या-जिंकण्यासारखे काही नव्हते त्यातून वगळले गेल्याचे जर प्रौढांना लागते, तर वर्ग हेच ज्याचे जग आहे त्या मुलाचे काय होत असेल, हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

भाचीने मला दूरध्वनी केला होता. ‘मावशी, ते माझे फोटो पाठवतात,’ एवढेच ती म्हणाली. मी त्या वेळी याच विषयावरील पुस्तकाच्या भाषांतरात गढलेली होते. आणि मी तिला म्हणाले, ‘अगं, गंमत करतात. दुर्लक्ष कर.’ पुस्तकात जे उत्तर चुकीचे म्हणून सांगितले आहे, तेच मी शब्दशः दिले. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, दुसरा उपाय केला : फोन काढून घेतला. अभ्यासाचे नुकसान होते, वर हा मनस्ताप, तेव्हा मूळच नष्ट करावे, हा विचार कोणत्याही आईला सुचेल असाच होता. परिणाम उलटा झाला. आपल्याविषयी काय बोलले जाते हे तिला दिसेनासे झाले, पण ते बोलले जात आहे हे ठाऊक होते, आणि न दिसणारे नेहमीच अधिक भयंकर वाटते. शिवाय शिक्षा तिलाच झाली, छळणाऱ्यांना नव्हे. त्यानंतर ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. आम्हाला वाटले, प्रकरण मिटले. पुढील तीन महिने दर सोमवारी तिचे पोट दुखत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि त्या सर्व निर्दोष निघाल्या.

मुले सांगत का नाहीत, याचे उत्तर मला त्या तीन महिन्यांत मिळाले. सांगितले की फोन जातो. सांगितले की ‘तू तो फोटो टाकलासच का’ असा प्रश्न येतो. सांगितले की वडील शाळेत जाऊन आरडाओरडा करतात आणि दुसऱ्या दिवशी ‘बाबांना सांगणारी’ हे नवे नाव मिळते. मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते : शिक्षणच थांबेल. लहान गावांतून, ज्या घरात मुलीच्या हाती फोन देणे हीच मोठी सवलत मानली जाते तेथे, ही भीती अनाठायी नाही. म्हणून मूल हिशोब करते आणि गप्प राहते. त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही तोच हिशोब केला असता.

तिसरा एक प्रकार आहे, त्याविषयी थोडक्यात सांगते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. आज तोतया होण्यासाठी राज्य नको. दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे पुरते. मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांचा एक इन्स्टाग्राम गट उघडकीस आला. त्यात मुलींची छायाचित्रे टाकून अश्लील शेरेबाजी चाले, आणि देशभर संताप उसळला. परंतु याच वेळी सर्वाधिक गाजलेला एक संवाद, ज्यात अत्याचाराची भाषा होती, तो त्या गटातील नव्हताच असे पोलीस तपासात आढळले. एका मुलीने मुलाचे खोटे नाव धारण करून, समोरच्या मुलाची परीक्षा पाहण्यासाठी, दुसऱ्याच ठिकाणी तो केला होता. त्या गटातील कृत्ये याने सौम्य ठरत नाहीत. मात्र पडद्यावरील मजकुराची छायाप्रत हाती आली म्हणजे पुरावा मिळाला, असे मानणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे प्रकरण स्मरणात ठेवावे.

कायद्याविषयी मला नेहमी विचारले जाते. आपल्याकडे आंतरजालावरील छळ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम बऱ्याच तक्रारींसाठी वापरले जाई. पण त्याची भाषा इतकी मोघम होती की सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द ठरविले, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. तरीही मूल निराधार नाही. खाजगी अवयवांची चित्रे काढणे वा पसरविणे, मुलांविषयीचा अश्लील मजकूर, मुलींचा पाठलाग, धमकी या सर्वांसाठी त्या कायद्यात, २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यात आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तरतुदी आहेत. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. ते शाळेच्या फलकावर लिहून ठेवण्यास काहीही खर्च येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये शाळांना छळविरोधी समित्या नेमण्याविषयी सूचना दिल्या होत्या. आपल्या मुलाच्या शाळेत अशी समिती आहे काय आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली, एवढे पालकांनी विचारून पाहावे.

जपानने २०१३ मध्ये शालेय छळाविरुद्ध कायदा केला आणि त्याच्या व्याख्येतच आंतरजालावरील कृत्यांचा समावेश केला. विशेष म्हणजे, छळ झालेल्या मुलाला मानसिक वा शारीरिक वेदना झाली का, ही त्या व्याख्येची कसोटी आहे. करणाऱ्याचा हेतू गंमतीचा होता, ही सबब तेथे चालत नाही. ऑस्ट्रेलियाने याहून पुढे जाऊन, १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू देण्यास डिसेंबर २०२५ पासून मनाई केली. त्याचे फलित काय ते काळच सांगेल. माझ्या बहिणीने केलेला उपाय एका राष्ट्राने केला, असे मात्र मला वाटल्यावाचून राहिले नाही. फरक एवढाच, की तेथे जबाबदारी आणि दंड कंपन्यांवर आहे, मुलांवर नाही. हा फरक लहान नाही.

छळ करणाराही बहुधा मूलच असतो, हे या साऱ्यात विसरले जाते. त्याला पोलीस ठाण्यात उभे करणे क्वचित आवश्यक असेल, पण नववीतील बहुसंख्य प्रकरणांत तो मार्ग नव्हे.

मग मार्ग कोणता? फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९० च्या दशकात वर्गातील मुलांच्या भूमिका अभ्यासल्या. छळणारा आणि छळला जाणारा यांच्याखेरीज मदतनीस असतात, हसून उत्तेजन देणारे असतात, दूर राहणारे असतात आणि थोडे पाठराखे असतात. वर्गातील बहुसंख्य मुले यांपैकी कोणत्या ना कोणत्या भूमिकेत सापडतात. त्यावरूनच पुढे ‘किवा’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो फिनलंडभर शाळांतून राबविण्यात आला. त्याचा भर छळणाऱ्याला सुधारण्यापेक्षा पाहणाऱ्यांना हलविण्यावर आहे. धिंडीविषयी मी जे म्हणाले तेच येथे शास्त्राच्या भाषेत येते.

परंतु फोनच्या पडद्यावर पाहणाराची एक निराळीच अडचण आहे. वर्गात एखाद्या मुलीने मान खाली घातली तर ‘हिला हे आवडलेले नाही’ असे पीडित मुलीला दिसते. पडद्यावर खाली घातलेली मान दिसत नाही. चाळीस मुलींच्या गटात तिघी हसल्या आणि सदतीस गप्प राहिल्या, तर जिची टवाळी झाली तिच्या लेखी चाळीसही जणी हसल्या. त्या सदतीसजणींतील काहींना रात्री वाईट वाटले असेल. पण ते तिला कळावयाचे कसे?

भाचीच्या बाबतीत जे घडले त्याचे श्रेय आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही नाही. तीन महिन्यांनंतर बहिणीने फोन परत दिला. त्याच आठवड्यात वर्गातील एका मुलीने, जिच्याशी तिची विशेष मैत्रीही नव्हती, तिला स्वतंत्रपणे गणिताच्या गृहपाठाच्या पानाचे छायाचित्र पाठविले. सोबत एक शब्दही नव्हता. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे पान आले. तिसऱ्या दिवशी भाचीने तिला विचारले, ‘चौथे उदाहरण कसे सोडवलेस?’ आणि उत्तरादाखल ते चित्र आले नाही, उत्तर आले. दोघी त्या रात्री साडेदहापर्यंत समीकरणे सोडवीत होत्या. बहिणीने मला ते फोनवर सांगितले तेव्हा ‘अभ्यासाच्या नावाखाली गप्पा’ अशी तिची तक्रार होती. त्यानंतरच्या सोमवारी पोट दुखले, पण ती शाळेत गेली.